कशासाठी, हे विचारायचं नाही

17 मे 1968, शुक्रवारची दुपार. तुम्ही बाल्टिमोरजवळच्या केटन्सव्हिल नावाच्या उपनगरात, फ्रेडरिक रोडवर आला आहात. समोर 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक गृहस्थांच्या संघटनेची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर सरकारचं लष्करभरतीचं स्थानिक कार्यालय आहे: ड्राफ्ट बोर्ड नंबर 33. जिना चढून वर जा. कोणी अडवणार नाही. टेबलं, टाइपरायटर, फाइलींची कपाटं आणि मान खाली घालून काम करणाऱ्या तीन बायका, एवढंच आहे.

ती कपाटं नीट बघून घ्या. अठरा वर्षं पूर्ण झाली की इथल्या प्रत्येक मुलाला नाव नोंदवावं लागतं, आणि त्याच्या नावाची एक फाइल उघडते. कॉलेजात शिकत असेल तर सवलत, प्रकृती धड नसेल तर सवलत. कुठलीच सवलत नसेल तर '1-ए' हा शेरा पडतो, आणि एक दिवस हुकूम येतो. कॉलेजची फी परवडणाऱ्यांच्या पोरांना शिक्षणाची सवलत मिळून जाते. शाळा संपवून कारखान्यात लागलेली पोरं व्हिएतनामला जातात. देशभर अशी सुमारे चार हजार बोर्डं आहेत आणि सगळा कारभार कागदावर चालतो. कागद नाहीसा झाला तर त्या मुलापर्यंत पोचणं सरकारला जड जाणार आहे.

जिन्यावर पावलं वाजतात. सात पुरुष आणि दोन बायका आत येतात. दोघांच्या गळ्यात पाद्र्यांची पांढरी पट्टी आहे. ते सरळ कपाटांकडे जातात आणि हातातल्या तारेच्या टोपल्यांत फाइली ओतू लागतात. बायका ओरडतात. एक जण टोपली धरून ठेवते, ओढाताण होते, तिच्या हाताला खरचटतं. दुसरी फोनकडे धावते, तर आलेल्यांपैकी मेरी मॉयलन नावाची परिचारिका फोनच्या बटणावर बोट दाबून धरते. काही मिनिटांत सगळे खाली उतरतात. तुम्हीही उतरा.

इमारतीशेजारच्या पार्किंगमध्ये टोपल्या रिकाम्या होतात. 378 फाइली. आधीच निरोप मिळालेले पत्रकार कॅमेरे घेऊन उभे आहेत. अमेरिकन लष्कराच्याच एका पुस्तिकेतली कृती वापरून घरी केलेलं नापाम त्या ढिगावर ओतलं जातं आणि काडी पडते. नापाम मुद्दाम निवडलंय. व्हिएतनामच्या गावांवर जे पडतं ते एकदा माणसांऐवजी कागदांवर पडू दे, असं त्यांचं म्हणणं आहे. धग तुम्ही उभे आहात तिथवर येते. नऊ जण गोल करून उभे राहतात, 'आमच्या स्वर्गातील पित्या'ने सुरू होणारी प्रार्थना म्हणतात आणि पोलिसांची वाट बघत थांबतात. पळायला वेळ भरपूर आहे. कोणी पळत नाही.

यांतली काही माणसं कोण आहेत, ते इथेच सांगून टाकतो. फादर फिलिप बेरिगन दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात लढले होते. त्यांचे थोरले भाऊ फादर डॅनियल, जेझुइट आणि कवी. ते तीनच महिन्यांपूर्वी इतिहासकार हॉवर्ड झिन यांच्याबरोबर हनोईला जाऊन तीन अमेरिकन वैमानिक सोडवून घेऊन आले. तिथे त्यांनी आपल्याच देशाची विमानं बॉम्ब टाकत असताना तळघरात आसरा घेतला होता. थॉमस आणि मार्जोरी मेलव्हिल, माजी पाद्री आणि माजी जोगीण, ग्वाटेमालाच्या गरिबांत राहून आलेले. मेरी मॉयलनने युगांडात काम केलेलं. टॉम लुइस चित्रकार. फिलिप आणि टॉम यांना तर आदल्या ऑक्टोबरात बाल्टिमोरच्या कस्टम्स हाउसमध्ये अशाच फाइलींवर रक्त ओतल्याबद्दल दोषी ठरवलेलं आहे, शिक्षा सुनावायची बाकी आहे. तेवढ्यात ते इथे आलेत.

त्या तीन बायकांचं मला वाईट वाटतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्या पोटासाठी नोकरी करत होत्या आणि त्या दुपारी त्या घाबरल्या. अहिंसक म्हणवणाऱ्या कृतीतही कोणाच्या तरी मनगटाला ओढ बसते. आरोपींच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण ते मनगट मी विसरू इच्छित नाही.

आता पाच महिने पुढे या. ऑक्टोबर 1968, बाल्टिमोरचं फेडरल कोर्ट. बाहेर युद्धविरोधकांचे मोर्चे, आत खच्चून गर्दी. न्यायाधीश रोझेल थॉमसेन शांत, सभ्य गृहस्थ आहेत. बचावाला न्यूयॉर्कहून विल्यम कन्स्टलर आलेत, चष्मा कपाळावर सरकवून बोलण्याची सवय असलेले.

पहिल्याच तासात तुम्ही चक्रावून जाल, कारण इथे काही सिद्ध करायचंच नाहीये. फाइली जाळल्या का? जाळल्या. जाणूनबुजून? हो. फोटो आहेत, आणि आरोपी स्वतःच सांगतायत. मग खटला कशाचा? खटला एकाच गोष्टीचा आहे: त्यांनी हे कशासाठी केलं, ते ज्युरीने हिशोबात धरायचं की नाही. कायद्याचं उत्तर ठाम आहे. कृत्य केलं का आणि समजून-उमजून केलं का, एवढंच बघायचं. मागची प्रेरणा कितीही उदात्त असली तरी ती निकालात येत नाही.

ज्युरी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. 1908 साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळक स्वतःच्या बचावासाठी नऊ जणांच्या ज्युरीपुढेच दिवसचे दिवस बोलत होते. सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष, आणि बहुमतावर मंडालेची सहा वर्षं झाली. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात बहुमत चालत नाही. बारा जणांचं एकमत लागतं. एकाने मान हलवली नाही तर सरकारचं घोडं अडतं. म्हणून या बारा जणांच्या कानावर काय पडू द्यायचं, यावर एवढी झटापट.

थॉमसेन यांनी एक गोष्ट केली, जी पुढे फार थोड्या न्यायाधीशांनी केली. त्यांनी आरोपींना बोलू दिलं. एकेक जण साक्षीला बसतो आणि आपला जन्म, शाळा, दीक्षा, ग्वाटेमालाची खेडी, हनोईचं तळघर सांगतो. सरकारी वकील हरकत घेतात, न्यायाधीश मधूनमधून आवरतात, पण गोष्ट पुढे सरकते. ज्युरीकडे बघा. ते ऐकतायत. मग शेवटच्या भाषणात कन्स्टलर ज्युरीला सांगू पाहतात की तुम्हाला सद्सद्विवेकाने निकाल देता येतो, आणि तिथे न्यायाधीश त्यांना थांबवतात. हे बोलायचं नाही. ज्युरीला सूचना मिळते: ऐकलंत ते ऐकलंत, निकालात ते धरायचं नाही.

ज्युरी आत गेल्यावर जे घडतं त्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. आरोपी उभे राहून न्यायाधीशांशी बोलू लागतात. खटल्याचं कामकाज थांबलेलं, आणि माणसं माणसाशी बोलतायत. तुम्हाला हे युद्ध योग्य वाटतं का? थॉमसेन कबूल करतात की माणूस म्हणून तुमच्या बोलण्याने मी हललोय, पण न्यायाधीश म्हणून कायद्यापलीकडे जाता येत नाही. मग आरोपी विचारतात, शेवटी एक प्रार्थना म्हणू का? न्यायाधीश सरकार पक्षाकडे बघतात. त्यांची ना नसते. सगळं कोर्ट उभं राहतं. आरोपी, मार्शल, ज्यांनी शिक्षा मागितली ते वकील, सगळे पार्किंगमधलीच ती प्रार्थना म्हणतात. तुम्हाला शब्द येत नसले तरी उभे राहा.

दोन तासांच्या आत ज्युरी परतते. दोषी, सगळ्या आरोपांवर. नोव्हेंबरात दोन ते साडेतीन वर्षांच्या शिक्षा होतात.

अपिलाचा निकाल तुम्ही कोर्टात बसून ऐकावा असा नाही, पण त्यातलं एक वाक्य खिशात ठेवा, पुढे कामाला येईल. परिचारिका मॉयलन हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या 1969 च्या निकालात अपील कोर्टाने मान्य केलं की कायदा आणि पुरावा विरुद्ध असला तरी आरोपीला सोडण्याची ताकद ज्युरीकडे आहेच, ती कोणी नाकारू शकत नाही. फक्त अशी ताकद तुमच्याकडे आहे, हे ज्युरीला सांगण्याचं बंधन न्यायाधीशावर नाही. म्हणजे हत्यार त्यांच्या हातात आहे, पण ते हातात आहे हे कळू द्यायचं नाही.

मला हे फसवणुकीसारखं वाटतं. तरी दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. 1735 साली न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरवर टीका छापणाऱ्या जॉन पीटर झेंगरला ज्युरीने याच ताकदीवर सोडलं. आणि 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या मारेकऱ्यांना गोऱ्या ज्युरीने तासाभरात सोडलं, तेही याच ताकदीवर. ज्युरीचा विवेक तिच्या पूर्वग्रहांसकट येतो. थॉमसेन यांच्यासारख्या भल्या न्यायाधीशाला हे माहीत असणार.

शिकागोचा न्यायाधीश मात्र वेगळा आहे. 29 ऑक्टोबर 1969. मीस व्हान डेर रोहे यांनी उभारलेल्या काळ्या पोलादाच्या उंच फेडरल इमारतीबाहेर प्रेक्षकांची रांग आहे. तेविसाव्या मजल्यावर या. कोर्टाला खिडकी नाही, प्रकाश छतातल्या नळ्यांतून येतो. उच्चासनावर 74 वर्षांचे ज्युलियस हॉफमन. कॅमेऱ्याला बंदी आहे. आज इथे जे होणार ते जगाने फक्त कोर्टातल्या चित्रकारांच्या रेषांतून पाहिलं. तुम्ही प्रत्यक्ष पाहणार आहात. मन घट्ट करा.

ऑगस्ट 1968 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी या शहरात युद्धविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. सरकारनेच नेमलेल्या चौकशी पथकाने त्याला पोलिसांचा दंगा म्हटलं. तरी खटला उभा राहिला तो आठ निदर्शकांवर: डेव्हिड डेलिंजर, टॉम हेडन, रेनी डेव्हिस, ॲबी हॉफमन, जेरी रुबिन, जॉन फ्रॉइन्स, ली वाइनर आणि काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे बॉबी सील. मुख्य आरोप असा की दंगल भडकवण्याच्या इराद्याने तुम्ही राज्याची हद्द ओलांडलीत, आणि तसा कट केलात. आरोपच मनात काय होतं याचा आहे, आणि मनात काय होतं ते सांगायला आरोपी तोंड उघडतो तेव्हा हरकत मंजूर होते. युद्ध हा इथे विषय नाही, असं न्यायाधीश पुन्हा पुन्हा बजावतात. 15 ऑक्टोबरला, देशभर युद्धविरोधी दिवस पाळला जात असताना, डेलिंजर यांनी कोर्ट सुरू होण्याआधी मृतांची नावं वाचायला घेतली. अमेरिकन आणि व्हिएतनामी, दोन्ही. ती थांबवली गेली.

बॉबी सील यांचं प्रकरण तर साधं होतं. ते शिकागोत आले ते भाषणं द्यायला, जेमतेम दोन दिवस. त्यांचे वकील चार्ल्स गॅरी यांची शस्त्रक्रिया होती. सील यांनी तारीख मागितली, मिळाली नाही. मग ते म्हणाले, माझा वकील नाही तर मीच माझी बाजू मांडतो, साक्षीदारांना मीच प्रश्न विचारतो. तेही नाही. कन्स्टलर तुमचे वकील आहेत, असं न्यायाधीशांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून साक्षीत स्वतःचं नाव आलं की सील उठतात आणि आपला हक्क मागतात. न्यायाधीशांच्या मागच्या भिंतीवर वॉशिंग्टन, फ्रँकलिन यांची चित्रं आहेत. सील यांनी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं की हे गुलामांचे मालक होते.

आज दुपारी न्यायाधीश मार्शलांना हुकूम देतात. सील यांना बाजूच्या खोलीत नेलं जातं. ज्युरी बाहेर आहे. काही मिनिटांनी दार उघडतं.

एका लोखंडी खुर्चीला हात-पाय जखडलेला काळा माणूस उचलून आत आणला जातो. तोंडात बोळा, वरून पट्टी. तुमच्या बाकावरचं कोणीतरी हुंदका देतं. सील बोलतायत. कापडाआडून शब्द येतात, दबलेले, पण कळतात: मला माझी बाजू मांडायची आहे. बेड्यांचं लोखंड खुर्चीच्या लोखंडावर आपटून खणखणतं आणि पुढे या आवाजाच्या त्रासापायी लाकडी खुर्ची आणवली जाते. बोळा आणखी घट्ट होतो. पट्टा रुततोय, रक्त थांबेल, असं बचावाचे दुसरे वकील लेनर्ड वाइनग्लास सांगतात. झटापट होते, बाकीचे आरोपी मध्ये पडतात. हे कोर्ट राहिलं नाही, मध्ययुगातलं छळघर झालंय, असं कन्स्टलर ओरडून सांगतात. मग ज्युरीला आत बोलावतात. दहा बायका, दोन पुरुष. या गोष्टीवरून आरोपीबद्दल काही मत बनवू नका, असं न्यायाधीश त्यांना समजावतात, आणि पुढच्या साक्षीदाराची साक्ष सुरू होते.

त्या बारा जणांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तीन हातांवर माणूस बांधून ठेवलाय आणि तुम्ही साक्षीदाराच्या तारखा लिहून घ्यायच्या आहेत.

हे काही दिवस चाललं. 5 नोव्हेंबरला सील यांचा खटला वेगळा काढला गेला आणि अवमानाबद्दल त्यांना चार वर्षांची कैद सुनावली गेली. आठाचे सात झाले. महिन्याभरात, 4 डिसेंबरच्या पहाटे, शिकागोतले तरुण पँथर नेते फ्रेड हॅम्प्टन यांना पोलिसांनी छाप्यात बिछान्यातच गोळ्या घातल्या. ते 21 वर्षांचे होते. कोर्टाचं कामकाज चालूच राहिलं.

या खटल्याच्या गोष्टी सांगताना लोक ॲबी हॉफमन आणि रुबिन न्यायाधीशांचे झगे घालून आले, कवी ॲलन गिन्सबर्ग यांनी साक्षीत ओंकार लावला, हेच रंगवून सांगतात. ते घडलं. पण मला रॅम्से क्लार्क आठवतात. अधिवेशनाच्या काळात ते देशाचे ॲटर्नी जनरल होते, सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, आणि ते बचावाचे साक्षीदार म्हणून आले. न्यायाधीशांनी ज्युरी बाहेर पाठवून त्यांचं ऐकलं आणि ज्युरीपुढे येऊ दिलं नाही. असे साक्षीदार आले होते, हेसुद्धा ज्युरीला सांगायला बंदी झाली. 18 फेब्रुवारी 1970 ला निकाल लागला: कटाच्या आरोपातून सगळे मुक्त, दंगलीच्या इराद्याबद्दल पाच जण दोषी. नोव्हेंबर 1972 मध्ये अपील कोर्टाने त्या शिक्षाही रद्द केल्या आणि न्यायाधीशांच्या वैरभावावर नेमकं बोट ठेवलं. निकाल सुधारला. पण त्या खुर्चीवर बसून काढलेले दिवस कोणी परत दिले नाहीत.

1972 च्या हॅरिसबर्गला मी तुम्हाला थांबवत नाही. तुरुंगातल्या फिलिप बेरिगन यांची आणि सिस्टर एलिझाबेथ मॅकालिस्टर यांची पत्रं एका कैदी खबऱ्याने एफबीआयला पोचवली, त्यावर राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या अपहरणाच्या कटाचा खटला उभा राहिला आणि मुख्य आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. नाव तेवढं लक्षात ठेवा: एलिझाबेथ मॅकालिस्टर.

आता थोडं मागे या. 22 ऑगस्ट 1971, पहाट. डेलावेअर नदीकाठचं कॅम्डेन, न्यू जर्सी. एका पोर्टोरिकन माणसाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीवरून शहर या आठवड्यात पेटलेलं आहे, हवेत जळकट वास आहे. फेडरल इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच्या ड्राफ्ट बोर्डात काही तरुण खिडकीतून शिरलेत आणि गेले काही तास फाइली पोत्यांत भरतायत. त्यांना माहीत नाही की त्याच इमारतीत अंधारात एफबीआयचे डझनावारी लोक बसून आहेत. सगळं काम होऊ दिलं जातं. मग दिवे लागतात. आरोपींची संख्या 28 वर जाते, त्यांत चार कॅथलिक पाद्री आणि एक लुथरन. एफबीआयचे प्रमुख हूव्हर आणि ॲटर्नी जनरल मिचेल स्वतः ही अटक जाहीर करतात.

एफबीआयला ही खबर देणारा खबऱ्या म्हणजे रॉबर्ट हार्डी, बांधकामाची कंत्राटं घेणारा कॅम्डेनचाच माणूस. मित्र चुकीच्या वाटेने चाललेत, त्यांना वेळीच अडवावं, म्हणून तो एफबीआयकडे गेला. एफबीआयने त्याला अडवायला लावलं नाही, मदत करायला लावलं. शिड्या, हत्यारं, गाडी, रात्रीच्या बैठकींचं खाणं, सगळं त्याने आणायचं आणि पैसे एफबीआयने द्यायचे. कोणी तुरुंगात जाणार नाही, असं त्याला सांगितलेलं होतं. अटकेनंतर त्याचा लहान मुलगा अपघातात गेला. अंत्यविधी केला तो फादर मायकल डॉइल यांनी, ज्यांना त्यानेच पकडून दिलं होतं. आरोपी आपल्या खबऱ्याच्या दुःखात त्याच्या शेजारी उभे राहिले. पुढे हार्डीने प्रतिज्ञापत्र दिलं की माझ्यावाचून आणि एफबीआयच्या पैशावाचून हा छापा पडलाच नसता. हे फक्त पश्चात्तापातून आलं असेल असं मला वाटत नाही. त्याला आपल्याला कशासाठी वापरलं ते कळलं होतं.

आता फेब्रुवारी 1973. व्हिएतनाम युद्ध थांबवण्याचा पॅरिस करार होऊन गेलाय, सक्तीची भरती बंद झाली आहे, आणि ती अडवायला गेलेल्यांपैकी 17 जण आरोपी म्हणून बसलेत. प्रत्येकाला चाळीसहून जास्त वर्षांची शिक्षा होऊ शकते. न्यायाधीश क्लार्कसन फिशर. अनेक आरोपी स्वतःच आपली बाजू मांडतायत, साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारतायत. सील यांना जे तोंड बांधून नाकारलं, ते इथे रोज, सहज चाललंय. फिशर ज्युरीलाही चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवू देतात. हॉवर्ड झिन साक्षीला बसून तासन्‌तास पेंटागॉन पेपर्सचा, म्हणजे युद्धाबद्दलच्या फुटलेल्या गुप्त सरकारी कागदपत्रांचा, इतिहास सांगतात: हे युद्ध का झालं, आग्नेय आशियातलं कथील, रबर आणि तेल यांचा सरकारी कागदांत काय उल्लेख होता. कोणी त्यांना ज्युरीपासून लपवत नाही.

नंतर आरोपी बॉब गुड यांच्या आईला बोलावतात. पेनसिल्व्हेनियातल्या मोठ्या कॅथलिक कुटुंबातली बाई, पोरांना देशावर श्रद्धा ठेवायला शिकवलेली. तिचा एक मुलगा, पॉल, 1967 मध्ये व्हिएतनाममध्ये पडला. आज दुसरा मुलगा आरोपी आहे, आणि तोच उभा राहून आईला प्रश्न विचारतोय. ती सांगते की झिन यांचं ऐकेपर्यंत पॉल देशासाठी गेला असंच मी धरून होते. मुलगा कथील, रबर आणि तेलासाठी दिला, हे कळणं कसं असतं, ते ती सांगते. मुलं उठून विचारत होती तेव्हा आपण घरात बसून राहिलो, याची लाज वाटते म्हणते. सरकारी वकिलांकडे बघा. या बाईची उलटतपासणी कोणी कशी करणार?

मे महिन्यात बाहेरचं जगही बदलत चाललंय. 11 मेला लॉस एंजेलिसमध्ये पेंटागॉन पेपर्स फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांचा खटला सरकारच्याच गैरकृत्यांमुळे काढून टाकला जातो. 17 मेपासून वॉटरगेट घोटाळ्याची सुनावणी घरोघर टीव्हीवर दिसू लागते. कॅम्डेनमध्ये फिशर ज्युरीला सूचना देतात की सरकारचा या गुन्ह्यातला सहभाग किमान सभ्यतेलाही धक्का देणारा वाटला, तर तुम्ही आरोपींना सोडू शकता. बाल्टिमोरमध्ये जे दार बंद राहिलं होतं ते इथे किलकिलं झालं. बचावाच्या वकिलांनीही ज्युरीच्या त्या ताकदीबद्दल उघड बोलून घेतलं.

ज्युरीच्या खोलीत मी तुम्हाला नेऊ शकत नाही. काही दिवस बाहेर थांबा. 20 मे 1973, रविवार. ज्युरी येते. पहिलं नाव, पहिला आरोप: निर्दोष. दुसरा आरोप: निर्दोष. 17 नावं, प्रत्येकाचे सगळे आरोप, दर वेळी तोच शब्द. शेवटच्या नावाला कोर्टात रडणं आणि टाळ्या एकत्र होतात आणि कोणीतरी 'अमेझिंग ग्रेस' सुरू करतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी या खटल्याची गणना विसाव्या शतकातल्या मोठ्या खटल्यांत केली.

इथे थांबलात तर चुकीची समजूत घेऊन परताल, म्हणून आणखी एक मुक्काम. ऑक्टोबर 2019, ब्रन्सविक, जॉर्जिया. किंग्ज बे या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या नौदल तळात शिरून रक्त ओतणाऱ्या आणि हातोडे मारणाऱ्या सात कॅथलिकांचा खटला. त्यांत ऐंशीला टेकलेल्या एलिझाबेथ मॅकालिस्टर आहेत, हॅरिसबर्गच्या त्याच. फिलिप बेरिगन यांच्याशी लग्न होऊन आता विधवा झालेल्या. ही शस्त्रं आंतरराष्ट्रीय कायद्याने बेकायदा आहेत, मोठा अनर्थ टाळायला आम्हाला आत शिरावं लागलं, असा बचाव ज्युरीपुढे मांडायला न्यायाधीशांनी आधीच मनाई केली आहे. 24 ऑक्टोबरला ज्युरी परत येते आणि सातही जणांना चारही आरोपांवर दोषी ठरवते.